वकील घडतो कुठे? मुळशी पेट्यापासून लॉ कॉलेज रोडपर्यंत

पेट किंवा नेटचा निकाल लागला की संशोधनाच्या विषयांची शोधाशोध सुरू होते. त्यात एक विषय हमखास दिसतो: ‘विधी महाविद्यालयांची विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक व्यावसायिक विकासातील भूमिका: एक अभ्यास’. क्षेत्र मुळशी तालुका किंवा पुणे जिल्हा, नमुना दोनशे विद्यार्थी, साधन पाच पर्यायांची प्रश्नावली. आराखडा मंजूर होतो, प्रश्नावल्या भरून येतात, आणि दीड वर्षानंतर लक्षात येतं की आपल्या हाती आलेला निष्कर्ष कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत आधीच रंगीत छापलेला होता. मेंटॉर आहेत, मूट कोर्ट आहे, इंटर्नशिप आहे, प्लेसमेंट सेल आहे. बहुसंख्य विद्यार्थी ‘समाधानी’ आहेत.

विषय वाईट नाही. प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला जातो, एवढंच. आज हाच विषय इतिहासाच्या बाजूने धरून बघू.

आधी शब्द तपासा. ‘विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती’ हा नॅकच्या सात निकषांपैकी पाचवा निकष आहे. एन.आय.आर.एफ.च्या क्रमवारीतही पदवीनंतर विद्यार्थ्यांचं काय झालं याला गुण असतात. म्हणजे कॉलेजच्या कागदपत्रांत या विषयावर जे लिहिलेलं असतं, ते बहुतांशी मूल्यांकन करणाऱ्यांना दाखवण्यासाठी लिहिलेलं असतं. ते खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण कागद कोणासाठी तयार झाला हे न विचारता तो पुरावा म्हणून वापरायचा नाही, हा इतिहासाचा पहिला धडा आहे. माझ्यासारख्या विज्ञानातून आलेल्यांना तो उशिरा शिकायला मिळतो, कारण आपल्याकडे उपकरणाचं रीडिंग कोणाला खूश करायला येत नाही.

मग प्रश्न कसा बदलायचा? मी तो असा मांडेन: वकिलीचं काम प्रत्यक्षात कुठे शिकलं जात होतं, आणि तिथे आत शिरायला कोणाला मिळत होतं? हा प्रश्न घेऊन मागे गेलं की मुळशी हे नमुना-क्षेत्र उरत नाही. तिथूनच गोष्ट सुरू करता येते.

१९२१ मधली नोटीस

टाटा कंपनीला मुंबईसाठी जलविद्युत निर्माण करायची होती. त्यासाठी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण ठरलं आणि तेव्हाच्या मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं त्याच्या छायेत आली. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावं आपल्याला माहीत असतात. त्यामागची कायद्याची बाजू फारशी सांगितली जात नाही.

जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतल्या जात होत्या. त्या कायद्यात कलम ४ ची अधिसूचना निघायची, पुढे कलम ९ ची नोटीस यायची, आणि मोबदला कमी वाटला तर कलम १८ खाली प्रकरण न्यायालयाकडे पाठवायला सांगता यायचं. म्हणजे भांडण किमतीबद्दल करता येत होतं. ‘जमीन घेऊच नका’ ही हरकत नोंदवून तिची सुनावणी मिळण्याचा हक्क कायद्यात नव्हता. कलम ५-अ १९२३ च्या दुरुस्तीने आलं.

आता विचार करा, अशा वेळी गावातल्या माणसाला कसला वकील हवा होता? कलमं पाठ असलेला नक्कीच नाही. नोटीस वाचून ‘यात तुला काय मागता येतं आणि काय नाही’ हे मावळातल्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा, कागदावर नाव नसलेल्या कुळाचं वहिवाटीचं म्हणणं लिहून काढणारा, मोजणी करणाऱ्याला चार प्रश्न विचारणारा वकील हवा होता. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर जे संशोधन केलं, त्यात जमिनीवर पुण्यातल्या सावकारांचा केवढा हक्क होता आणि मोबदला घेण्याकडे त्यांचा कल कसा होता, हे पुढे येतं. सावकाराला वकील मिळत होता. कसणाऱ्याला मिळणं अवघड होतं. त्यातच १९२० पासून असहकाराच्या कार्यक्रमात न्यायालयांवरचा बहिष्कार होता, वकिलांनी वकिली सोडावी असं आवाहन होतं. मुळशीवर त्याचा नेमका किती परिणाम झाला हा स्वतंत्र शोधाचा भाग आहे. कोणाला विषय हवा असेल तर घ्या.

त्या काळचा वकील शिकायचा कुठे?

टिळकांचा क्लास

इथे एक मजेशीर गोष्ट सापडते. पुण्यात कायद्याच्या शिक्षणाची सोय करणाऱ्यांमध्ये खुद्द लोकमान्य टिळक होते. १८७९ साली ते एल्एल.बी. झाले, पण वकिली केली नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून १८९० मध्ये बाहेर पडले, त्या सुमारास त्यांनी पुण्यात लॉ क्लास चालवला. हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर या परीक्षांची तयारी तिथे व्हायची. हिंदू कायदा ते स्वतः शिकवत. साताऱ्यात वकिली करणारे न. चिं. केळकर १८९६ मध्ये पुण्याला आले, ते या क्लासला आणि ‘मराठा’ला हातभार लावण्यासाठी. क्लासची फी हे टिळकांच्या घरखर्चाचं एक साधन होतं.

म्हणजे आज आपण ज्याला ‘कोचिंग’ म्हणून नाक मुरडतो, त्यातून जिल्ह्या-तालुक्याच्या कोर्टांतले वकील तयार होत होते. मुंबईला राहण्याची ऐपत नसलेल्या मुलाला याचा मोठा आधार. पण हा आधार परीक्षेपुरता. सनद मिळाल्यावर पक्षकाराशी बोलायचं कसं, कैफियत लिहायची कशी, साक्षीदाराला उलटतपासात कुठे थांबवायचं, हे कोणातरी ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत बसूनच शिकायचं. क्लासला फी भरली की प्रवेश मिळायचा. कचेरीत प्रवेश मिळायला ओळख लागायची, आणि ओळख म्हणजे त्या काळी नातं, जात आणि शहर.

मी रसायनशास्त्राची. टायट्रेशनची कृती पुस्तकात अर्ध्या पानात संपते. हात बसायला मात्र शेजारी उभी राहून ‘आता थेंबाथेंबाने सोड’ म्हणणारी सीनियर लागते. ती सीनियर कोणाला मिळते आणि कोणाला नाही, यावर कितीतरी जणांचं पुढचं सगळं ठरतं. कायद्यातही तेच.

परीक्षा पास, दार बंद

याची दोन उदाहरणं अगदी आपल्या भागातली आहेत.

कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, १८६६. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून पदवी. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणारी पहिली स्त्री. १८९२ मध्ये तिथली बी.सी.एल.ची परीक्षा दिली. परत आल्यावर १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एल्एल.बी., १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची प्लीडरची परीक्षा. इतक्या परीक्षा देऊनही बाई म्हणून सनद नाही. स्त्रियांना वकिली करायला आडकाठी नाही असं सांगणारा कायदा झाला १९२३ साली. तोवर त्यांचं वय सत्तावन्नच्या घरात होतं.

दुसरं उदाहरण डॉ. आंबेडकरांचं. ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन ते १९२३ मध्ये मुंबईत वकिलीला उभे राहिले. पदव्यांच्या बाबतीत त्यांच्या तोडीचा माणूस त्या बारमध्ये शोधून सापडला नसता. पण मोठ्या कोर्टातलं काम सॉलिसिटरांमार्फत यायचं, आणि ते त्यांच्याकडे फिरकायचं नाही. १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवून मिळकतीला जोड दिली. १९२६ मध्ये पुण्याच्या कोर्टात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेवरून झालेल्या खटल्यात जेधे, जवळकर, बागडे यांच्या बाजूने ते उभे राहिले आणि अपिलात त्यांना सोडवलं. हे काम त्यांच्याकडे आलं ते ब्राह्मणेतर चळवळीतून.

पुढे ते मुंबईच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजमध्ये शिकवू लागले आणि १९३५ ते १९३८ तिथे प्राचार्य होते. १९३६ साली त्यांनी मुंबई इलाख्यातल्या कायद्याच्या शिक्षणाच्या सुधारणेवर कॉलेजच्या नियतकालिकात लेख लिहिला. वकिलाला मूलभूत तत्त्वांची पकड हवी, सामान्य ज्ञानाची बैठक हवी, मुद्देसूद मांडता आलं पाहिजे, साध्या शब्दांत स्पष्ट बोलता आलं पाहिजे, आणि त्यासाठी कायद्याबरोबर इतर विषयही शिकवले पाहिजेत, हा त्याचा रोख. मला हा लेख महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. कचेरीत ओळखीने मिळणाऱ्या गोष्टींपैकी काही गोष्टी वर्गात, सगळ्यांना, फीच्या मोबदल्यात मिळाव्यात असा त्याचा अर्थ निघतो. असं ते थेट म्हणत नाहीत. हे माझं वाचन आहे, आणि प्रबंधात असं वाक्य लिहाल तेव्हा ‘हे माझं वाचन’ हे स्पष्ट लिहा.

टेकडीखालचं कॉलेज

पुण्यात इंडियन लॉ सोसायटी १९२३ मध्ये स्थापन झाली आणि १९२४ मध्ये तिचं लॉ कॉलेज सुरू झालं. आज ज्या रस्त्याला आपण लॉ कॉलेज रोड म्हणतो, ते हेच. पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे स्वतः वकील, शिवाय धर्मशास्त्राच्या ग्रंथांचे संपादक आणि अनुवादक. मुळशीचा सत्याग्रह त्याच सुमारास शेवटाकडे चालला होता. १९२४ च्या अखेरीस बापटांनी रेल्वेवर हल्ला केला आणि सात वर्षांच्या तुरुंगवासात गेले.

इथे नवखे संशोधक घसरतात. १९२३ मध्ये कलम ५-अ आलं, स्त्रियांच्या वकिलीचा कायदा आला, पुण्यात लॉ सोसायटी स्थापन झाली. तिन्ही तारखा एका ओळीत ठेवल्या की वाटतं यामागे काहीतरी एकच सूत्र आहे. मुळशीमुळे कॉलेज निघालं असं वाक्य लिहायचा मोह होतो. पुरावा नसेल तर तो मोह आवरायचा. तिन्ही गोष्टींना आपापली कारणं आहेत. एवढंच म्हणता येतं की एकाच दशकात पुण्याजवळच्या खोऱ्यात वकिलाची गरज होती आणि शहरात वकील तयार करायची नवी जागा उभी राहत होती.

या कॉलेजने काय दिलं? पहिल्या काही तुकड्यांतले एक विद्यार्थी प्र. बा. गजेंद्रगडकर, १९२६ चे एल्एल.बी. संस्कृतचे पक्के अभ्यासक. त्याच वर्षी ते मुंबईच्या बारमध्ये गेले, पुढे १९६४ ते १९६६ भारताचे सरन्यायाधीश झाले. हिंदू कायद्याचे मूळ ग्रंथ संस्कृतात; ते संस्कृतातून वाचू शकणारा विद्यार्थी आणि त्याच ग्रंथांवर आयुष्य घालवलेला प्राचार्य एका आवारात होते. य. वि. चंद्रचूड १९४२ चे, तेही पुढे सरन्यायाधीश.

पण यशस्वी माजी विद्यार्थ्यांची यादी हा पुरावा जपून वापरा. ती यादी कॉलेजने काय दिलं हे सांगते की मुलांनी काय बरोबर आणलं होतं हे सांगते, हे वेगळं काढणं फार कठीण. गजेंद्रगडकरांकडे संस्कृत डेक्कन कॉलेजमधून आलं होतं. ज्या मुलाकडे तसं काही नव्हतं, तो एल्एल.बी. होऊन तालुक्याला गेला, जन्मभर दावे चालवत राहिला, आणि कोणत्याही स्मरणिकेत आला नाही. ‘वैयक्तिक विकास’ मोजायचा असेल तर तो त्याच्यात मोजायला हवा.

उमेदवारीचा लपंडाव

स्वातंत्र्यानंतरची गोष्ट कायद्याच्या कलमांतून वाचता येते. ती कंटाळवाणी दिसते, पण गाभा इथेच आहे.

१९६१ च्या अधिवक्ता कायद्याने बॅरिस्टर, वकील, प्लीडर असे जुने थर काढून सगळ्यांना एकच ओळख दिली: अधिवक्ता. कलम २४ मध्ये पदवीनंतर प्रशिक्षण आणि परीक्षेची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. म्हणजे पदवी मिळाली की थेट सनद. १९९५ मध्ये बार कौन्सिलने नियम करून एक वर्षाची उमेदवारी परत आणली. १९९९ मध्ये व्ही. सुदीर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले: संसदेने काढलेली गोष्ट बार कौन्सिलला नियमाने आणता येणार नाही. २०१० पासून अखिल भारतीय बार परीक्षा आली, आणि १० फेब्रुवारी २०२३ला बॉनी फोई लॉ कॉलेज प्रकरणात घटनापीठाने ती वैध ठरवली.

या धरसोडीत एक गोष्ट सरळ रेषेत पुढे गेली. उमेदवारी पदवीनंतर ठेवता येत नव्हती, म्हणून ती पदवीच्या आत घुसवली गेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मूट, मसुदालेखन, व्यावसायिक नीती असे प्रात्यक्षिक पेपर सक्तीचे झाले. २००८ च्या बार कौन्सिल नियमांत विधी साहाय्य केंद्र आलं, मूटला गुण आले, आणि इंटर्नशिप आली: तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे. आज माहितीपुस्तिकेत ‘आमचं वैशिष्ट्य’ म्हणून जे छापतात, त्यातलं बरंचसं नियमाने सक्तीचं आहे. तुमच्या अभ्यासात सक्तीचं काय आणि कॉलेजने आपण होऊन केलेलं काय, हे दोन रकाने वेगळे नसतील तर निष्कर्षाला अर्थ राहणार नाही.

जगातही हा प्रवास साधारण असाच झाला. हार्वर्डमध्ये लँगडेलने १८७० नंतर निकालांवरून कायदा शिकवायला सुरुवात केली आणि वकिलाच्या कचेरीतलं शिक्षण हळूहळू वर्गात आलं. मग शंभरेक वर्षांनी ओरड सुरू झाली की मुलांना वर्गातलं येतं, काम येत नाही. १९९२ चा मॅकक्रेट अहवाल त्यातूनच आला, आणि ‘व्यावसायिक विकास’ हा शब्दप्रयोग त्याच्या शीर्षकातच आहे. त्यांच्याकडे वर्गाने कचेरी गिळली आणि नंतर पुन्हा तिची आठवण झाली. आपल्याकडे कचेरी कधी नीट आत आलीच नाही.

इंटर्नशिपचं गणित करून बघा. नियम म्हणतो, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नको. पाच वर्षं गुणिले चार, म्हणजे वीस. पण दिवाणी दाव्यात पुढची तारीख महिना-दीड महिन्याची पडते. म्हणजे विद्यार्थ्याला एका दाव्याची एक तारीख दिसते, फार तर दोन. अर्ज दाखल झालेला दिसेल, त्यावरचा आदेश दिसणार नाही. उलटतपास सुरू झालेला दिसेल, तो कुठे वळला ते कळणार नाही. ज्या कामाला वर्ष लागतं, ते चार आठवड्यांच्या तुकड्यांत दाखवायचं, आणि प्रत्येक तुकड्यासाठी जागा बहुतेक वेळा विद्यार्थ्याने स्वतः शोधायची. ज्याचा मामा शिवाजीनगर कोर्टात आहे त्याला ती मिळते. दुसऱ्याला ई-मेल पाठवत बसावं लागतं.

म्हणजे टिळकांच्या काळात वर्ग आणि कचेरी यांच्यामध्ये असलेलं ओळखीचं दार वर्गात मूट आणि मसुदालेखन आल्यावर जरा किलकिलं झालं, आणि इंटर्नशिपने ते पुन्हा तिथेच नेऊन ठेवलं. बॉनी फोईच्या निकालात न्यायालयाने हे ओळखलेलं दिसतं. वरिष्ठांच्या चेंबरमध्ये जागा मिळणं सामाजिक ओळखींवर अवलंबून राहू नये, अशी ओळख नसलेल्या तरुण वकिलांसाठी बार कौन्सिलने काही व्यवस्था करावी, अशा अर्थाचं त्यात म्हटलं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने ज्युनियर वकिलांना शहरात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. शिफारस, सक्ती नाही.

पुन्हा मुळशी

आजच्या मुळशीत विद्यापीठं आहेत. सिंबायोसिसचं लॉ कॉलेज १९७७ चं. ते आज शहराच्या दुसऱ्या टोकाला विमाननगरला आहे, पण ज्या अभिमत विद्यापीठाचा तो भाग आहे त्याचं मुख्य आवार लवळ्याच्या डोंगरावर, मुळशी तालुक्यात. हिंजवडीचं आयटी पार्कही याच तालुक्यात, लवासाही. जमिनीचे प्रश्न संपलेले नाहीत. त्यांची रूपं बदलली. सातबारावरचं नाव, फेरफारावरची हरकत, कूळकायद्याचं ३२-ग, वारसांपैकी एकाने परस्पर करून दिलेलं खरेदीखत. यातला कुठलाही प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला १९२१ सारखाच वकील लागतो: कागद वाचून त्याच्या भाषेत सांगणारा.

विधी साहाय्य केंद्रांची गावात शिबिरं होतात, पत्रकं वाटली जातात, फोटो अहवालात लागतात. पण तीच विद्यार्थिनी तोच फेरफार घेऊन तिसऱ्यांदा तलाठ्याकडे गेली का, तहसीलदाराचा आदेश आला तेव्हा तिने तो वाचला का, हे अहवालात नसतं. ते असलंच तर इंटर्नशिप डायरीत असेल. २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याने ती ठेवायची असते आणि ती तपासली जाते. समाधानाच्या प्रश्नावलीपेक्षा अशा पन्नास डायऱ्या, परवानगी घेऊन आणि नावं झाकून वाचल्या, तर कोणाला दफ्तर हातात मिळालं, कोणी महिनाभर झेरॉक्स काढल्या, मुलींना कोर्टात नेलं की कचेरीत बसवलं, हे दिसू लागेल. जागा कशी मिळाली, हा एक प्रश्न तेवढा मुलाखतीत स्वतंत्र विचारा. डायरीत ते कोणी लिहीत नाही.

त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. किमान दहा वर्षं वकिली केलेले आणि सुट्टीत विद्यार्थ्यांना हाताखाली घ्यायला तयार असलेले वकील कोण, याची जिल्हावार यादी राज्य बार कौन्सिलने करायची आहे. मामा नसलेल्या मुलीसाठी कागदावर केलेली ही एकमेव सोय. बार कौन्सिल कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे, म्हणजे माहिती अधिकारात अर्ज करता येतो. विषय घेणार असाल तर प्रश्नावली छापण्याआधी तो अर्ज टाका: पुणे जिल्ह्याची यादी, त्यात नावं किती, मुळशी-मावळ-वेल्ह्याकडची कोर्टं बघणारे त्यात किती, आणि ती शेवटची कधी सुधारली.